माल नापास

आमच्या घरात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. मराठी निबंधात मार्क बेताचे. मी कुणाबद्दल लिहावं हे जरा जास्तच होतंय, माफ करा. पण इकडे तमिळ मुलखात, आवडी गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या राव सरांबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

राव सर लोकांच्या वेबसाइट दुरुस्त करतात. कुणी न सांगता.

ते मूळचे तंजावरचे मराठी. कारखान्यात जन्मभर माल तपासला आणि निवृत्त झाले. ब्राउझरमधलं 'इन्स्पेक्ट' मीच त्यांना दाखवलं. ते उघडलं की पानाची आतली शिवण दिसते, रंग-अक्षरं बदलता येतात, कुठला फोटो किती वेळ खातो तेही कळतं. तेव्हापासून वीजबिलाच्या पानावरची लुकलुकणारी पाटी ते रोज उडवतात आणि गरजतात, "माल नापास!"

इडलीलाही ते हेच म्हणतात. मुलीनं पसंत केलेल्या जावयालाही दारातच हेच म्हणाले. मुलगी पुण्याला गेली ती अजून बोललेली नाही.

"सर, हे बदल फक्त तुमच्या पडद्यावर. पान परत उघडलं की जैसे थे."

"सरी पा! बरं बाबा, माझ्या घरात तरी नीट दिसू दे."

म्हणून रिफ्रेशला हात लावायची कुणाला परवानगी नाही. लाइट गेले की सगळ्या साइट पुन्हा बिघडतात आणि सर जेवायला बसत नाहीत.

रोजची पहिली दुरुस्ती मात्र मुलीच्या केकच्या साइटची. अवाढव्य फोटो, फिकट अक्षरं, पान उघडेपर्यंत कॉफी निवते.

"फोन करून सांगा ना, सर."

"करतो. आणि तिनं उचलला नाही तर?"

शेवटी साइटवरच्या अभिप्रायाच्या चौकटीत त्यांनी सगळे दोष लिहिले. खाली नाव 'एक ग्राहक'. सुरुवात मात्र "माल नापास" अशी. ती खोडायला सांगायचा मला धीर झाला नाही.

बरेच दिवस काहीच नाही. परवा सकाळी त्यांनी गच्चीवरून हाक मारली. केकचं पान झटकन उघडलं होतं, अक्षरं ठसठशीत. सरांनी स्वतः रिफ्रेश दाबलं. पुन्हा दाबलं. बदल जागचे हलले नाहीत.

सवयीनं त्यांनी 'इन्स्पेक्ट' उघडलं. आत, गिऱ्हाइकांना कधीच न दिसणारी एक ओळ होती. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत: "अप्पा, आता पास का?"

सरांनी चष्मा पुसला. "अक्षर बारीक आहे," म्हणाले.

मग खिशातून फोन काढून माझ्याकडे बघत राहिले.

"तिचा नंबर तोच असेल ना, पा?"