विल्फची बिअर आणि सिरिलचा कांदा

"बिअरला लागतं काय? मॉल्टचा पाक, साखर, यीस्ट, पाणी आणि डोकं," विल्फ बायकोला सांगत होता. "शेवटचं सोडून सगळं दुकानात मिळतं."

"मग अडलंच की तुझं," एनिड म्हणाली.

इंग्लंडातल्या हडर्सफील्डला जन्मभर बस चालवलेला विल्फ पहिल्यांदाच बिअर करत होता, आणि तीही स्वतःसाठी नव्हे. शेजारचा सिरिल महिन्याभरात मुलीकडे कॅनडाला निघाला होता, कायमचा. दोघं शाळेपासूनचे जिवलग, पण तीन वर्षं अबोला. भाजीपाल्याच्या प्रदर्शनात सिरिलच्या कांद्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि विल्फ चारचौघांत बोलून गेला, "हा कांदा बाजारातला आहे." झालं! मध्ये एकच भिंत, पण दोन्हीकडून तोंडं फिरली. आता माफी तर मागायची होती, पण कोरड्या घशाने ती बाहेर पडेना.

डब्यातला पाक त्याने बादलीत ओतला. रंग फिका वाटला. सिरिलला आवडायची ती जुन्या पबमधली दाट, काळी बिअर. तेवढ्यात फळीवर एनिडची टॉनिकची बरणी दिसली. वर मोठ्या अक्षरांत 'मॉल्ट'. खाली बारीक अक्षरांतही काहीतरी होतं, पण बारीक अक्षरं वाचणाऱ्यांतला विल्फ नव्हे. मॉल्ट म्हणजे मॉल्ट! त्याने अख्खी बरणी खरवडून घातली. चाळीस वर्षं पाइप ओढून त्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं.

गरम पाण्याच्या टाकीशेजारी, चादरी वाळवायच्या कपाटात बादली ठेवली. तिसऱ्या दिवशी एनिडने विचारलं, "कपाटात काय मेलंय रे?"

"यीस्ट काम करतंय."

"कुठे, बंदरावर?"

आठवड्याने गल्लीतली मांजरं दारात ठाण मांडून बसली. विल्फला वाटलं, कीर्ती पसरली.

बिअर बाटल्यांत भरली, मुरली. सिरिल निघण्याच्या आदल्या दिवशी एनिडने त्याला चिठ्ठी धाडून बोलावून घेतलं, आणि खोकल्यासाठी टॉनिकची बरणी शोधायला गेली ती रिकामी बरणी घेऊन, कपाळाला हात लावूनच परतली.

"अरे शहाण्या, त्यात कॉडचं तेल होतं. माशाचं!"

दुसरी बिअर करायला दिवस नव्हते, आणि दारावर तर टकटक झालीच.

सिरिल आत आला, टोपी हातात घेऊन अवघडून बसला. आता काय करणार? विल्फने ग्लास भरला. फेसाचं नाव नाही, वर तेलाचा तवंग तरंगत होता. सिरिलने घोट घेतला. त्याचा चेहरा आंबट झाला. मग त्याने ग्लास उजेडात धरून पाहिला.

"शाळेत रोज सकाळी रांगेत उभं करून हेच तेल पाजायचे आपल्याला," तो म्हणाला. "एकच चमचा सगळ्यांना. तू तोंड मिटून चमचा हातातच धरायचास, आणि बाई वळल्या की तुझा वाटा मी गिळायचो."

"गिळायचास खरा," विल्फ म्हणाला. "सिरिल, मी चुकलो रे. तो कांदा तुझ्याच वाफ्यातला होता."

सिरिलने डोळे मिटून उरलेली बिअर एका दमात संपवली आणि ग्लास पुढे केला.

"घाल अजून थोडी," तो म्हणाला. "कांदा बाजारातलाच होता."