वधू डावीकडे, श्वापद उजवीकडे

पप्पा चहा ओततात तेव्हा धार कपाच्या बोटभर डावीकडे पडते. दर वेळी तितकीच डावीकडे. चूक इतकी नियमित असेल तर तिचं कारण एकच असतं, हे माझ्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. डॉक्टरांनी ते तरीही सांगितलं होतं : मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला.

"ऑपरेशन कशाला?" पप्पा म्हणायचे. "प्रभूचं येणं इतकं जवळ आलंय, की जखम भरायलासुद्धा वेळ मिळायचा नाही!"

"दोन वर्षं हेच ऐकतेय," आत्या फणकारायची. ही पप्पांची धाकटी बहीण, त्यांच्याकडेच राहते. "तो येईपर्यंत माझ्या पावलांचे तुडवून तुडवून पापुद्रे झाले, दादा!"

शेवटी मी आत्याला छातीठोकपणे सांगितलं, "या रविवारी पप्पा स्वतःहून हो म्हणतील. बघच तू!"

योजना बिनचूक होती. पप्पा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. रविवारी उपासना संपली की ते चर्चमध्ये बायबलमधल्या शेवटच्या काळाच्या दर्शनांचा अर्थ समजावतात : सात डोक्यांचं श्वापद म्हणजे कोण, कोकऱ्याची, म्हणजे ख्रिस्ताची, वधू कोण. त्यासाठीचा कापडी तक्ता पार विटला होता. नवा तक्ता मी रंगवायचा, पप्पांनी त्याच्यापुढे उभं राहायचं, आपल्याला काही दिसत नाही हे त्यांना कळायचं, की लगेच दवाखाना! पुराव्यापुढे कोण टिकतं?

मी जीव ओतून तक्ता रंगवला. श्वापदाला बिबट्याचं अंग, अस्वलाचे पाय, सिंहाचे जबडे, दातसुद्धा शास्त्रशुद्ध! दहा शिंगं सात डोक्यांवर सारखी वाटता येईनात, तेव्हा तीन डोक्यांना जोडी दिली. वधूसाठी आमच्या चर्चच्या पाळकांची बायको, म्हणजे पाळकबाई, हौसेनं समोर बसल्या. मी दिसतं तेच काढते, त्यामुळे वधूला चष्माही आला. जुन्या तक्त्यात वधू डावीकडे होती आणि श्वापद उजवीकडे. पण दर्शनात श्वापद आधी येतं, म्हणून मी क्रम दुरुस्त केला. एवढीशी दुरुस्ती, ती पप्पांना काय सांगायची!

रविवारी पप्पा काठी घेऊन उभे राहिले. आता अडखळतील, मग अडखळतील, म्हणून मी वाट बघतेय. कसले अडखळताहेत! जुना तक्ता त्यांना तोंडपाठ होता. काठी थेट उजवीकडे गेली आणि वधूच्या चष्म्यावर टेकली.

"हे पाहा श्वापद!"

सगळ्यांच्या माना पाळकबाईंकडे वळल्या.

"वरवर साधं वाटेल. गोड बोलेल. आणि बघता बघता मंडळीच्या डोक्यावर चढून बसेल!"

"आमेन!" ऑर्गनवाले काका मागून गरजले. पाळकबाई त्यांना दर रविवारी तालावरून झापतात.

पाळकांना खोकल्याची उबळ आली. पण पप्पांना थांबवायची छाती कोणाची? निम्मी मंडळी त्यांच्या हातचा मार खाऊन मोठी झालेली!

"सरांचं काहीतरी खोल असतं," बेकरीवाला बायकोच्या कानात म्हणाला. "चष्मा म्हणजे जगाचं खोटं ज्ञान असणार."

मी खुणा केल्या, हात हलवले. आंधळ्यापुढे दिवा! काठी आता डावीकडे सरकली.

"आणि ही वधू! निष्कलंक, नाजूक! हिला नको म्हणेल असा आहे का कोणी इथे?"

लग्नाला आलेला एक फिटर होता, त्यानं घाबरत हात वर केला.

पाळकबाई ताडकन उठल्या. "सर! ती वधू नव्हे!"

पप्पांनी आवाज ओळखला आणि मायेनं हसले. "लाजताय काय, बाई! लेकीनं तुम्हालाच समोर बसवून काढलीय ना?" त्यांनी श्वापदाच्या मधल्या जबड्यावर हळुवार हात फिरवला. "हुबेहूब!"

आधी फिटरच्या नाकातून फिस्स झालं, मग अख्खं चर्च हसत सुटलं. पप्पा काठी धरून तसेच उभे. हसू त्यांना ऐकू येत होतं, हसण्याचं कारण मात्र दिसत नव्हतं. मला हवा होता तो पुरावा ढळढळीत समोर होता, आणि मला तो अजिबात नकोसा झाला.

आत्या पुढे झाली आणि तिनं त्यांचं कोपर धरलं. "दादा, ते श्वापद आहे."

"मग वधू?"

"मी इकडेय, सर," पाळकबाई म्हणाल्या. त्याही पुढे आल्या होत्या. "पाचवीत तुम्ही मला नकाशात समुद्र दाखवायला सांगितलात, तर मी बोट वाळवंटावर ठेवलं. सगळा वर्ग हसला, तुम्ही नाही हसलात. 'जवळ ये आणि नीट बघ' म्हणालात. आता तुम्ही या जवळ."

पप्पा जवळ गेले. इतके जवळ, की नाक कापडाला टेकलं.

"हिला चष्मा आहे," ते पुटपुटले.

"हो पप्पा," मी म्हटलं.

"आणि मी हिला मघाशी..."

"हो पप्पा."

"आणि त्या फिटरला मी..."

"हो!"

ते वळले. काठी जमिनीवर आपटली.

"प्रभू येईल त्या दिवशी मी असाच श्वापदाच्या गळ्यात हार घालीन आणि वधूला काठीनं हाकलून देईन," पप्पा म्हणाले. "ते काही नाही!" मग ऑर्गनवाल्या काकांकडे तोंड करून ते मला म्हणाले, "पोरी, डॉक्टरांना सांग. करायचं ऑपरेशन. दोन्ही डोळ्यांचं!"