नोंदीबाहेरचे दोन कोअर

शुभांगीनं ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर चालू केला, ऑफिस झाडून काढलं, माठ भरला आणि परत येऊन बघितलं, तर पडद्यावर अजून कंपनीचं नावच होतं. बाकावर कस्तुराबाई रहिवासी दाखल्यासाठी बसली होती. कालही बसली होती.

"उठला का गं तुझा?" कस्तुराबाईनं विचारलं.

"उठतोय मावशी."

"आमचा म्हाताराबी एवढा वेळ लावत न्हाय. आन त्याला तर दमा हाय."

गाव सास्तूरच्या पुढचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारच्या गावांना वाटेल, आपण सुटलो. कॉम्प्युटर पंधरा वर्षांपूर्वीचा. नवीन द्या म्हणून शुभांगीनं तीनदा अर्ज केला होता. तालुक्याच्या ऑफिसातून तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, जुना चालू असल्यानं नवीन देता येत नाही. आणि त्याच ऑफिसातून एप्रिलमध्ये पत्र आलं, की जो ऑपरेटर महिन्याला दोनशे दाखले काढणार नाही त्याचं कंत्राट जूनपासून वाढणार नाही. पत्र लिहिणाऱ्याला आधीची तीन उत्तरं आपणच लिहिली हे आठवायची काही गरज नव्हती. शुभांगीचे महिन्याला साठ दाखले निघत. नऊ वर्षं ती कंत्राटावर होती आणि घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं.

ऑफिसच्या समोरच फारुखचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. शुभांगीनं त्याला बोलावलं. त्यानं डबा उघडला, धूळ फुंकली, प्रोसेसरवरचा नंबर मोबाईलवर टाकून बराच वेळ वाचत बसला.

"ताई, ह्याच्यात चार कोअर हायेत," तो म्हणाला. "कोअर म्हंजे आतले गडी समजा. दोन राबतात. दोन कंपनीनं कुलूप लावून कोंडलेत."

"का म्हणून?"

"कधी त्यात खोट असती म्हणून. कधी नुसतंच, स्वस्तातला माल म्हणून विकायला. बनवताना चारच बनवतात, विकताना दोन म्हणून विकतात."

"म्हंजे नऊ वर्षं म्या दोघांच्या जिवावर दाखले काढले, आन दोघं आत झोपलेत?"

"झोपले न्हाईत. कोंडलेत. कुलूप काढता येतंय."

चालू होतानाच एक बटण दाबून फारुख निळ्या पडद्याच्या सेटिंगमध्ये शिरला. पहिल्या वेळी कॉम्प्युटर उठलाच नाही. दुसऱ्या वेळी तीनदा पीप वाजून गप्प झाला. तिसऱ्या वेळी फारुखनं एक खालचा आकडा बदलला, बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं, आणि पडद्यावर कोअर चार असं आलं. कस्तुराबाईचा दाखला चहा यायच्या आत हातात पडला. तिनं तो उलटसुलट करून बघितला. इतक्या लवकर मिळालेल्या कागदावर तिचा विश्वास बसत नव्हता.

इथपर्यंत सगळं बरं होतं. मग ग्रामसेवक गौरीशंकर आला.

गौरीशंकर वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर परवडलं असतं, वाईट माणसाला निदान कशात तरी रस असतो. गौरीशंकरला फक्त भीती होती. मागं कुणीतरी ग्रामपंचायतीला एक शिडी दान दिली, ती नोंदीत नव्हती, आणि तपासणीत त्याला नोटीस आली. तेव्हापासून ऑफिसात नवीन झाडू आला तरी तो आधी जडवस्तूंच्या रजिस्टरमध्ये चढायचा आणि मग जमिनीला लागायचा.

"हे दोन कोअर आले कुठून?" त्यानं विचारलं.

"आतच होते भाऊसाहेब," फारुख म्हणाला.

"आत होते तर नोंदीत का न्हाईत?"

"कुलपात होते."

"कुलपातलं सामान नोंदीत नसतंय व्हय? कपाट कुलपातच हाय आमचं. नोंद हाय त्याची."

"अहो भाऊसाहेब, ती काय वस्तू न्हाय," शुभांगी म्हणाली. "आतल्या आत एक सेटिंग बदलली."

"काम करतंय का ते?"

"करतंय."

"मग वस्तू हाय."

त्यानं रजिस्टर काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'संगणकाच्या आत आढळून आलेले कोअर, नग दोन. स्थिती चांगली. ताबा : ऑपरेटर शुभांगी.' खाली तिची सही घेतली. तिनं दिली. लोक रांगेत उभे होते आणि कॉम्प्युटर पहिल्यांदाच पळत होता. अशा वेळी माणूस कशावरही सही करतो.

पाच दिवसांत नव्वद दाखले निघाले. तिथं थांबायला हवं होतं. पण फारुखच्या हाताला चव लागली होती.

"ताई, आता गडी चार झाले. त्यांना जरा पळवू. वेग वाढवता येतोय ह्याचा. मग दोनशे काय, तीनशे निघतील."

"काय होणार तर न्हाय ना?"

"गरम होईल थोडा. आपण नजर ठेवू."

त्यानं वेग वाढवला, त्या वेगाला पुरेल इतकी आतली वीजही वाढवली. मग प्रोसेसरची उष्णता बघितली. पडद्यावर शून्य अंश आलं.

गौरीशंकर चष्मा सारून वाकला. "शून्य? मे महिन्यात? लोहारा तालुक्यात?"

"कुलूप काढलं की उष्णतेचा आकडा बंद पडतोय भाऊसाहेब. म्हणून शून्य दिसतंय."

"मग नजर कशावर ठेवणार?"

फारुखनं डब्याला हात लावून बघितला आणि पटकन काढून घेतला. "हातावर," तो म्हणाला.

शिपाई लिंबाजीनं सभागृहातला कूलर ओढत आणून उघड्या डब्यासमोर लावला. कूलरनं गार वाऱ्याबरोबर पाणीही उडवलं. तो बंद केला. फारुखनं प्रोसेसरवरचा पंखा उचलला, तर उष्णता पंख्याकडं नेणारा खालचा पांढरा लेप वाळून पापडी झालेला. त्याच्याकडचा लेप संपला होता, धाराशिवहून मागवावा लागणार होता. लिंबाजीनं खिशातून डबी काढली.

"चुना चालंल का? दिसायला तर तसाच हाय."

"न्हाय चालत मामा."

"बोटभर लावून तर बघ. माझ्या तोंडात चाळीस वर्षं टिकलाय."

फारुख कुणालातरी धाराशिवला फोन लावायला बाहेर गेला. परत आला तेव्हा पंखा जागेवर होता आणि लिंबाजी बोट धोतराला पुसत होता. कुणाला काही बोलता येण्याआधी शुभांगीनं बटण दाबलं होतं. सतरा दाखले निघाले. अठराव्याला पडदा निळा झाला, खोलीत करपलेला वास आला आणि रांगेतला शेवटचा माणूस म्हणाला, "माझ्याच टायमाला होतंय हे."

फारुखनं चुना खरवडून काढला, आतला सेल काढून पुन्हा बसवला, सगळी सेटिंग कारखान्यातून आली तशी केली. दुसऱ्या दिवशी लेप आला, तोही लावला. कॉम्प्युटर उठला. कोअर दोन. कुलूप परत काढलं की तो उठायचाच नाही. आठ वेळा करून बघितलं. कोंडलेले दोघं एकतर मेले होते, नाहीतर आता त्यांना बाहेर यायचं नव्हतं.

आणि पुढच्या सोमवारी तपासणी आली.

तालुक्याचे कृष्णराज साहेब खुर्चीत बसले, रजिस्टर उघडलं आणि पेननं खुणा करत निघाले. टेबल तीन. खुर्च्या सहा. शिडी एक. संगणक एक.

"कोअर, नग दोन," साहेब म्हणाले. "दाखवा."

गौरीशंकरनं शुभांगीकडं बघितलं. शुभांगीनं फारुखला बोलावून घेतलं.

"साहेब, ते आतच हायेत," फारुख म्हणाला. "फक्त दिसत न्हाईत."

"आत आहेत तर काढून दाखवा."

"काढता येत न्हाईत. चिप फोडावी लागंल."

"चालू करून दाखवा मग."

"चालू होत न्हाईत."

"दिसत नाहीत, निघत नाहीत, चालत नाहीत," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "मराठीत त्याला गहाळ म्हणतात. ताबा कुणाचा?"

"माझा," शुभांगी म्हणाली.

"सही तुमचीच ना?"

"माझीच."

साहेबांनी शेरा वाचून दाखवला. शासकीय वस्तू नग दोन गहाळ, ऑपरेटर जबाबदार, मुदतवाढ देऊ नये. गौरीशंकर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. नोंद त्यानं केली होती, पण नोंद करणाऱ्याला शेरा बसत नाही; वस्तू सांभाळणाऱ्याला बसतो. आपल्याकडं असंच आहे.

कुलूप निघालं होतं तेवढ्या दिवसांत शुभांगीनं एकशे सात दाखले काढले होते. ते कुणी मोजत नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "एक विचारू? तुमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर कधीचे?"

"का?"

"आमचा तुमच्याकडूनच आला होता. त्या वर्षी सगळे एकाच खरेदीत आले म्हणत होते."

"असतील. मग?"

"मग तुमच्याबी आत दोन-दोन कोअर हायेत. कुलपात. तुमच्या रजिस्टरला त्यांची नोंद हाय का?"

साहेबांचं पेन थांबलं.

"किती कॉम्प्युटर हायेत तुमच्याकडं?" शुभांगीनं विचारलं.

"तेवीस," साहेब म्हणाले, आणि सांगायला नको होतं हे त्यांना सांगून झाल्यावर कळलं.

"शेहेचाळीस," लिंबाजी दारातून म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"पंधरा वर्षं नोंदीबाहेर," शुभांगी म्हणाली. "माझे दोन तर आठवडाभर तरी सापडले होते. तुम्ही माझ्यावर शेरा मारा, साहेब. म्या वर अर्ज करते, की सगळीकडचे कोअर मोजा."

साहेबांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर शेरा काळजीपूर्वक खोडला आणि नवीन लिहिला : 'कोअर ही संगणकाची अंगभूत बाब असून स्वतंत्र नोंदीस पात्र नाही. नोंद अनवधानानं झाली. ऑपरेटरचं काम समाधानकारक, मुदतवाढीस हरकत नाही.'

"अनवधानानं कुणाच्या, साहेब?" गौरीशंकरनं घाबरत विचारलं.

"तुमच्या."

गौरीशंकर खुर्चीत बसला.

साहेब निघाले. फारुख त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. दार उघडून साहेब थांबले, मागं कुणी नाही ना हे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काय रे, कुलूप काढल्यावर खरंच वेग वाढतो का?"

"वाढतो की साहेब," फारुख म्हणाला. "बंद पडायच्या आधी लई वाढतो."