नवरा-नवरीखालचा बेदाणा

तासगावचे तात्या बेदाण्याचे व्यापारी. पेपरात शेअरबाजाराच्या पानावर आपल्या कंपनीचा भाव छापून यावा, एवढी एकच हौस त्यांची राहिली होती. साल पंच्याण्णव, ज्याला त्याला पब्लिक इश्यू काढून लोकांना शेअर विकायची घाई. मग तात्यांनीच काय घोडं मारलं होतं?

घोडं अडलं ते गावाबाहेरच्या मोठ्या शेडपाशी. सांगलीत सीए असलेला भाचा देवदत्त म्हणाला, "मामा, शेडमध्ये आपला धंदा चालत असेल तर ती धंद्याची मालमत्ता. भाड्यानं देत असाल तर ती गुंतवणूक. नव्या नियमानं वेगवेगळं दाखवावं लागतं. खरं काय ते सांगा."

"बेदाणाच आसतोय रं तितं!" तात्यांनी ठणकावलं. लग्नसराईत आणखी काय असतं, ते मात्र गिळून टाकलं.

इश्यू काढून देणाऱ्या मुंबईच्या कंपनीतून मयूरी कामत शेड बघायला सोमवारी यायच्या होत्या. बाई रविवारीच मिरजेला उतरल्या आणि टॅक्सी करून थेट शेडच्या दारात! आत जतच्या सिद्धूच्या थोरल्या मुलीचं लग्न ऐन रंगात आलेलं.

टॅक्सीतून उतरलेली, गॉगल लावलेली बाई म्हणजे वरपक्षाचीच असणार! सिद्धूची बायको रंगुबाई तांब्या घेऊन धावली. पायावर पाणी, कपाळाला कुंकू, ओटीत खण-नारळ. मयूरीला बोलायला फटच मिळेना.

"आवं आत्याबाई, उशीर झाला म्हून रुसू नगासा!"

"अहो, मी शेड बघायला आलेय."

"बगा की! लय झ्याक हाय. आमच्या भावकीची समदी लग्नं हितंच."

"भाड्यानं?"

"मग फुकाट कोन देतंय?"

बातमी कळताच तात्या देवदत्तला घेऊन धापा टाकत पोचले. "मॅडम, ह्ये आपलं कामगाराच्या घरचं कार्य..." तात्यांनी ठोकून दिलं.

"आणि बेदाणा कुठाय?"

तात्यांनी स्टेजकडं बोट केलं. बेदाण्याच्या पेट्या रचून, वर सतरंजी अंथरून केलेलं स्टेज. त्यावर नवरा-नवरी उभे. "त्यो काय! माल जाग्यावर हाय."

देवदत्तनं डोळे मिटून घेतले. मयूरी मात्र इतकी हसली, की ओटीतला नारळ घरंगळला. जेवल्याशिवाय तिला कोण सोडतंय! पंगतीत बुंदी वाढून झाल्यावर तिनं निकाल दिला, "तात्या, देवदत्तांनी हिशेब पाठवलेत. बेदाण्यात तुम्हाला खोट येते. ती दर वर्षी कुठून भरून निघते, ते आज कळलं. शेड गुंतवणूक म्हणून दाखवा, भाडं उघड लिहा. इश्यूला माझी हरकत नाही. लपवलंत, तर मात्र मी सही करणार नाही."

तात्यांचा घास हातातच राहिला. "म्हंजी पेपरात भाव येनार, पर मांडववाला म्हून? गाव हसंल की वो!" त्यांना खरोखरच वाईट वाटलं. चार पिढ्यांचा बेदाणा होता तो.

एवढ्यात सिद्धू तूप वाढत आला. "तात्या, फुडल्या साली धाकटीचं हाय. शेड आमालाच द्या, दुसऱ्या कुनाला शबुद दिऊ नगा."

तात्यांनी घास ताटात ठेवला. भाच्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, मग ताठ बसून म्हणाले, "लिवा मॅडम, गुंतवनूक!"

आणि सिद्धूकडं वळून, "शेड तुजी. पर स्टेज तुजं तू आन बाबा. फुडल्या साली ह्या पेट्या पब्लिकच्या आसतील, त्येंच्यावर चढायचं न्हाई!"