पोट रिकामं होईपर्यंत

सुहासिनीबाईंनी वाटीभर ओट्स कसेबसे संपवले, तेव्हा तंत्रज्ञ मुलीनं बजावलं, की आता चार तास तोंडात काहीही घालायचं नाही. ओट्समध्ये किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळलेलं होतं. ते जठरातून किती वेगानं पुढं सरकतं, हे यंत्र मधूनमधून फोटो काढून पाहणार होतं.

वर्षापूर्वी यजमान गेले, तेव्हापासून चार घास खाल्ले की सुहासिनीबाईंच्या पोटात दगड ठेवल्यासारखं होई. अमेरिकेत मुलाकडे, जर्सी सिटीतल्या उंच इमारतीत, दुपारी त्या एकट्याच दहीभात घेऊन बसत आणि अर्धा तसाच फ्रिजमध्ये ठेवून देत. त्यांना नागपूरला, आपल्या घरी परत जायचं होतं. पण मुलानं, विनयनं सांगून टाकलं होतं, "आई, रिपोर्ट नॉर्मल आला तरच तिकीट. तू तिकडे एकटी आजारी पडलीस तर मी इथून काय करू?"

पहिला फोटो झाला. विनय लॅपटॉप घेऊन कॉलसाठी गाडीत जाऊन बसला. खिडकीबाहेर पार्किंगच्या कडेला मळका बर्फ साचला होता. समोरच्या खुर्चीतल्या बाई उसासा टाकून म्हणाल्या, "आई गं! अजून किती वेळ!"

"मराठी?" सुहासिनीबाई दचकल्याच.

"सांगलीची. सुचित्रा. मुलीकडे आलेय. तुम्हालाही ओट्सच का?"

"त्यांचं नेहमीचं अंडं नको म्हटल्यावर दुसरं काय देणार?"

"ना साखर, ना मीठ. आमची म्हैससुद्धा तोंड फिरवील."

सुहासिनीबाईंना हसू आलं. मग गप्पांत कळलं, की सुचित्राबाईंचे यजमानही गेलेले आणि त्यांचीही हीच चाचणी.

"मुलगी म्हणते, आई, इट समथिंग. अगं, पण कुणासमोर बसून समथिंग?"

मग सुचित्राबाईंनी पर्समधून डबा काढला. "काल सत्यनारायण झाला. घ्या, प्रसाद."

"पण खायचं नाही म्हणालेत ना?"

"खायचं नाहीच. प्रसाद म्हणजे काय खाणं झालं का? आणि नाही कसं म्हणायचं त्याला?"

हे सुहासिनीबाईंना तंतोतंत पटलं. त्यांनी बोटभर शिरा घेतला. यजमानीणच नुसती बसलेली कशी चालेल, म्हणून सुचित्राबाईंनीही घेतला. मग शिऱ्यात केळं कधी घालावं यावर मतभेद झाले. चव बघितल्याशिवाय ते मिटण्यासारखे नव्हते.

पुढच्या फोटोच्या वेळी तंत्रज्ञ मुलीला सुहासिनीबाईंच्या बोटांवर तूप दिसलं.

"डिड यू ईट?"

"नो, नो. ओन्ली प्रसाद."

विनयला बोलावून घेण्यात आलं. रवा, साखर, तूप, केळं, दूध हे त्यानं खाली मान घालून इंग्रजीत सांगितलं. मुलीनं दोघींच्याही चाचण्या रद्द केल्या.

विनयनं गाडी पार्किंगमधून बाहेर काढली. "अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती मी, आई. किती खाल्लास शिरा?"

"अर्धा डबा असेल."

"अर्धा डबा? आणि पोट?"

सुहासिनीबाईंनी पोटावरून हात फिरवून पाहिला. "काही नाही रे. शांत आहे."

विनयनं सिग्नलला गाडी थांबवली आणि त्यांच्याकडे वळून पाहिलं. "मग कशाला हवी टेस्ट? कॅन्सलच करतो. तुझं तिकीट बघू या."

"वा! डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग व्हायलाच पाहिजे," सुहासिनीबाई करारीपणे म्हणाल्या. "आणि नवी तारीख घेताना सुचित्राबाईंची कधीची आहे ते आधी विचार. त्याच दिवशीची घे."

"त्याच दिवशीची कशाला?"

"चार तास एकट्या बसून काय करतील त्या?"