घर क्रमांक चौदा

"घराघरांत बाईचं कसं शोषण होतं, हे या लीड्स शहरात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही!" पाइप पेटवत डेस्मंड थ्वेट यांनी जाहीर केलं.

साल एकोणीसशे पंचाहत्तर. शुक्रवारी त्यांचं जाहीर व्याख्यान होतं. ते रंगलं, तर समाजशास्त्र विभागातलं प्रपाठकपद त्यांचंच! गेली सात वर्षं ते त्या पदाकडे, पोरं झाडात अडकलेल्या पतंगाकडे बघतात, तसे मान वर करून बघत होते.

व्याख्यानाचा मालमसाला त्यांची विद्यार्थिनी ग्विनेथ हिचा. तिने चाळीस गृहिणींच्या मुलाखती घेतल्या होत्या. नावं गुप्त, नुसते घरांचे क्रमांक. तिचं बाड निवड समितीलाही वाचायला दिलं होतं.

"घर क्रमांक चौदा! काय नमुना आहे हा नवरा! यालाच घेतो."

ग्विनेथ पांढरीफटक पडली. "सर, तेवढं घर वगळू या ना."

"का म्हणून?"

"सांगता येत नाही, सर. त्या बाईंना शब्द दिलाय."

सांगणार कसं? घर क्रमांक चौदा खुद्द थ्वेट यांचंच होतं! आणि "जीव गेला तरी नाव फुटता कामा नये" हा धडा तिला त्यांनीच घोकायला लावला होता.

शुक्रवारी सभागृह भरलं. समितीचे प्रमुख प्रोफेसर हेब्डेन सपत्नीक पहिल्या रांगेत. त्यांच्या मागे मांडीवर पर्स घेऊन थ्वेट यांची बायको बेरिल.

"हा गृहस्थ," थ्वेट कडाडले, "रविवारी बायकोने भाजलेल्या मांसाचे चार काप करतो आणि पाहुण्यांना सांगतो, आजचा स्वयंपाक माझा!"

अर्ध्या सभागृहाने ते काप खाल्ले होते. खसखस पिकली. थ्वेट यांना आणखी चेव चढला.

"गुरुवारी कचऱ्याचा डबा फाटकापर्यंत नेतो आणि एव्हरेस्ट उतरून आल्यासारखा खुर्चीत कोसळतो! असा माणूस मला भेटला ना, तर चांगली खरडपट्टी काढीन! आणि ऐका, बायकोने याचं पुस्तक तीनदा टाइप केलं. याने आभार कुणाचे मानले? मांजरीचे, नावानिशी! आणि बायको बिचारी 'इतर सर्वां'मध्ये..."

थ्वेट थबकले. ते आभाराचं पान त्यांना पाठ होतं. का नसणार? त्यांनीच लिहिलं होतं! त्यांनी बेरिलकडे पाहिलं. ती चष्मा पुसत होती. पद गेलं, आणि बहुधा घरही!

तोच हेब्डेन ताडकन उठले. "शाबास, थ्वेट! आपल्याच घरची लक्तरं आपणच वेशीवर टांगायला वाघाचं काळीज लागतं!"

टाळ्यांचा कडकडाट! थ्वेट यांनी नम्रपणे मान झुकवली. दुसरं काय करणार?

चहाच्या वेळी त्यांनी बेरिलला कोपऱ्यात गाठलं. "अगं, मला सांगायचंस तरी!"

"अठरा वर्षं सांगतेय, डेस्मंड. तू वाचत असतोस."

तेवढ्यात हेब्डेन बायकोला घेऊन आले. "पद तुझंच! आणि फार मनाला लावून घेऊ नकोस रे. तू तर देवमाणूस! ते घर क्रमांक नऊ वाचलंस? तो नवरा माणूस आहे की गेंडा?"

शेजारीच उभी असलेली ग्विनेथ छताकडे बघू लागली. मिसेस हेब्डेन मात्र शांतपणे नवऱ्याच्या कपातली साखर ढवळत राहिल्या.