साखरेचा बंगला आणि ट्रकचे पाटे

किण्ण!

अंगणात लोखंड आदळलं, घरात फडताळातल्या लाडवाच्या डब्याचं झाकण वाजलं आणि दुपारची शांतता फुटली. ठकी नुकतीच कुठे झोपली होती. सुलू श्वास रोखून साखरेच्या बंगल्याच्या गच्चीवर शेवटचा तुकडा बसवत होती. तिने आधी बंगल्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. दोन्ही शाबूत! तेवढ्यात अंगणात पुन्हा लोखंड आदळलं आणि मागोमाग तिच्या नवऱ्याची, कृष्णकांतची आरोळी आली, "सुलू, बाहेर ये! सगळ्या पालघर तालुक्यात नाय अशी जीप करून दाखवतो तुला!"

ठकी उठलीच.

हा बंगला सुलूची नणंद मंदा हिच्या रुखवतासाठी होता. लग्न सरावलीला, मुलाच्या दारी. ठरावाच्या बैठकीत विहीणबाई मैनाबाई गोड हसून म्हणाल्या होत्या, "तुमच्या एडवणला केळी छान पिकतात हो! मुलींच्या हातात कला असते का, ते रुखवतात कळेलच." मंदा दोन दिवस जेवली नव्हती. तेव्हापासून सुलू ठकीच्या झोपेतल्या दुपारी चोरून तुकड्यावर तुकडा रचत होती. दुमजली बंगला, दारात तुळस, विहीर, रहाट आणि झोपाळ्यावर कापसाची नवरा-नवरी! पिल्लाच्या पंखाला लावावा तसा ती त्याला हात लावायची.

आणि हा बंगला सरावलीला नेणार होती कृष्णकांतची जीप! लष्कराच्या लिलावातली, कृष्णकांतपेक्षा वयाने मोठी. त्याने ती एका बागायतदाराच्या वाडीतून बैल जुंपून ओढत आणली, तेव्हा तिच्यात कोंबड्या नांदत होत्या. आता इंजिन गुरगुरत होतं, हिरवा रंग चकाकत होता. राहिले होते फक्त पाटे, म्हणजे चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या वाकड्या लोखंडी पट्ट्यांच्या चळती.

बोईसरच्या नरहरी मिस्त्रीने अंगणात दोन जोड मांडले होते. एक मूळचा, पातळ, कोवळ्या काकडीसारखा. दुसरा भंगारातल्या ट्रकचा, पैलवानाच्या मांडीसारखा!

"पातळ घ्या," सुलू म्हणाली. "माझा बंगला आहे."

"बंगला साखरेचा हाय, वऱ्हाड हाडामासाचं!" कृष्णकांत म्हणाला. "तात्या, दोन्ही आत्या, केळीचे घड, नारळाची पोती! पातळ पाट्यांवर जीप म्हशीसारखी बसकण मारील. काय मिस्त्री?"

नरहरी मिस्त्रीचं आयुष्यात एकच औषध होतं. "जाड घालू. वर अजून एकेक पाटा चढवू!"

"आणि धक्के झेलणारे शॉकअप?"

"ते पन ट्रकचे!"

दोघांनी एकमेकांना अशी टाळी दिली की ठकीही टाळ्या पिटू लागली.

जीप चाकांवर उभी राहिली ती शेपटी वर करून! पहिल्या फेरीचा मान सासऱ्यांचा. तात्या फेटा बांधून ऐटीत बसले आणि लेकाबरोबर सफाळ्यापर्यंत जाऊन आले. जाताना कवळी तोंडात होती, येताना खिशात.

"कसं वाटलं, तात्या?" कृष्णकांतने विचारलं.

तात्यांनी कवळी बसवली आणि मग तोंड उघडलं. "अरे, ही जीप हाय का बेडूक? खड्डा दिसला की आनंदाने उडते! मी टेंपोने जाईन, पन हिच्यात नाय!"

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. दोन्ही आत्यांनी कंबर धरली. घड आणि पोतीसुद्धा टेंपोत चढली. नवरीही टेंपोतच. लग्नाच्या सकाळी जीपमध्ये उरले कृष्णकांत, सुलू, ठकी आणि टेंपोच्या गर्दीत चेंगरेल म्हणून वेगळा ठेवलेला बंगला. सुलूने खाली दोन गाद्या घातल्या आणि बंगला मांडीवर घेतला. ठकी पोटात होती तेव्हासुद्धा ती इतकी सांभाळून बसली नव्हती.

पहिल्या खड्ड्याला रहाट गेला. दुसऱ्याला तुळस. तिसऱ्याला कापसाची नवरी उडून थेट कृष्णकांतच्या कॉलरमध्ये!

"थांबवा!" सुलू किंचाळली. "मैनाबाईंच्या दारी मी काय साखरेचं पोतं नेऊ?"

कृष्णकांतचा चेहरा पडला. "भार नाय ना! भाराशिवाय हे पाटे दबायचेच नाय. चार माणसं असती तर पालखी झाली असती, पालखी!"

सुलूने रस्त्याकडे पाहिलं. सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन एक बाई बाजाराला निघाली होती.

"मावशी, चला, सोडतो! नाव काय तुमचं?"

"नवसी. पन माझी पाटी वास मारते गं, बाय."

"मारू दे! जड आहे ना?"

नवसी चढली. जीप बोटभर दबली. पुढे नवसीच्या ओळखीचा सुका नावाचा गडी भेटला, मग भागी आणि पारू या दोघी, मग कारखान्याच्या पाळीला निघालेले चार भैये. जो चढेल त्याला कृष्णकांत आनंदाने विचारी, "वजन किती?" एका धिप्पाड भैयाने लाजून "अस्सी" सांगितलं, तर कृष्णकांतने त्याचे हातच धरले! आता खड्डे येत आणि जीप नुसती मान डोलावी. सुलूने बरोबर घेतलेल्या मधाच्या थेंबाने तुळस चिकटवली, पारूने रहाट बसवला, सुकाने कॉलरमधून नवरी शोधून दिली. पाळण्यात घातल्यासारखी ठकी झोपून गेली.

आणि पालघर आलं!

"थांबव रं, बाजार आला," नवसी म्हणाली.

"उतरू नका!" सुलूने तिचा पदर धरला. "एक माणूस उतरलं तरी माझा बंगला पडेल! लग्नाला चला. लाडू आहेत!"

नवसीने सुकाकडे पाहिलं, सुकाने भागीकडे. "लाडू बुंदीचे काय?"

"बुंदीचे!"

भैयांनी तर पाळीच सोडून दिली.

सरावलीच्या मांडवासमोर जीप हंसासारखी येऊन थांबली. सुलूने बंगला मांडला. बायकांचा गराडा पडला! मैनाबाईंनी चष्मा लावून विहिरीत डोकावून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगोबाई, पोहरासुद्धा!"

सुलूच्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकली होती ती!

पण टेंपो वाटेत पंक्चर झाला होता. लग्न लागलं उशिरा, आणि वऱ्हाडाच्या मानाच्या पहिल्या पंगतीला तात्या येतात तो पाट भरलेले! नवसी तिसरा लाडू मोडत होती. धिप्पाड भैया भाताचा डोंगर पोखरत होता. पाटांशेजारी बोंबलांची पाटी मानाने विराजमान होती.

"आमच्या पाटांवर कोन जेवतंय?" तात्या गरजले.

मैनाबाई सुलूकडे वळल्या. चष्मा अजून नाकावरच होता. "सूनबाई, माणसं मोजकी आणा म्हटलं होतं. ही कोण?"

सुलूने कृष्णकांतकडे पाहिलं. तो जीपच्या पाट्यांना काय झालंय ते बघायला वाकला होता!

"आमचीच," सुलू म्हणाली. "घरचीच हो! ही नवसीमावशी, माझी सख्खी. हे सुकामामा. आणि हे... कृष्णकांतचे कारखान्यातले भाऊ!"

"राम राम, समधनजी!" भैयाने तोंडातल्या घासासकट हात जोडले.

मैनाबाईंचा चेहरा जरासा निवळला. "सख्खी मावशी? मग वाढा हो त्यांना अजून!"

सुलूने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात तिच्या पदराला ओढ बसली. झोपेतून उठलेली ठकी डोळे चोळत, मांडवभर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारत होती,

"आई, ती तुझी सख्खी मावशी, तर मग गाडीत तिला नाव का विचारलंस?"